कसेल त्याचं नाव

आधी आमच्या गावच्या नाट्यमंडळाची गोष्ट सांगतो. फोंडा महालातलं साधंसुधं मंडळ. देवळाच्या जत्रेला एक संगीत नाटक, चतुर्थीनंतर एखादं सामाजिक, आणि कुठे स्पर्धा असली तर तिथे हजेरी. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मंडळातल्या एका हौशी पोराने मंडळाच्या नावाने वेबसाईट केली. त्यात जुने फोटो होते, कोणत्या साली कोणतं नाटक झालं आणि कोणी कोणतं पात्र रंगवलं याची यादी होती, पेटी वाजवणाऱ्या मास्तरांवरचा मृत्युलेख होता. मास्तरांबद्दल छापील असं दुसरीकडे कुठे एक ओळही नाही.

पुढे तो पोर आखातात गेला. दरवर्षी नाव रिन्यू करण्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि ते ईमेल उघडणारं कोणी उरलं नाही. एके दिवशी कुणीतरी मंडळाचं नाव टाइप केलं तर पडद्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात! मास्तरांच्या फोटोच्या जागी तीन एक्के आणि एक गोरी बाई. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, हे नाव विक्रीला आहे. विचारणा केली तेव्हा उत्तर आलं: दीड लाख रुपये.

समितीची बैठक बसली. खजिनदार कपाळाला हात लावून म्हणाले, "दीड लाखांत आमचीं तीन नाटकां जातात रे!" कोपऱ्यात बसलेल्या आमच्या जुन्या नटाने, ज्यांनी आयुष्यभर स्त्रीपार्ट केले, एकच प्रश्न विचारला: "आमचें नांव आमकांच विकता? हो खंयचो भाटकार?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

या धंद्याला इंग्रजीत सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या नावावर पाट मांडून बसणं. रीत अगदी सोपी. डॉट कॉम नाव नोंदवायला वर्षाला साधारण हजार रुपये लागतात. नोंदवणारा तुमचा कोण, असं कोणी विचारत नाही. जो आधी आला त्याला नाव मिळतं. नाव रिन्यू झालं नाही तर आधी काही दिवसांची सवलत, मग तीस दिवसांची सोडवणुकीची मुदत, मग पाच दिवस लटकलेली अवस्था, आणि त्यानंतर ते पुन्हा बाजारात. त्या क्षणाची वाट बघत यंत्रं बसलेली असतात. माणसाची पापणी लवायच्या आत नाव उचललं जातं. एखाद्याने अशी हजार नावं धरून ठेवली तर वर्षाचा खर्च दहा लाख. दीड लाखाची सात गिऱ्हाइकं सापडली की सगळा खर्च वसूल, वर नफा. बाकीची नऊशे त्र्याण्णव नावं तशीच कुजत पडली तरी त्याचं काही जात नाही. आपलं मात्र जातं.

हा उद्योग सुरू झाला तो नामवंतांच्या नावांवर. १९९८ साली एका अमेरिकन माणसाने अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्सच्या नावाचं डोमेन नोंदवलं आणि ते लिलावाच्या संकेतस्थळावर टाकलं. बोली २,५५० डॉलरपर्यंत चढली. २००० साली जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाने ते नाव काढून अभिनेत्रीला दिलं. त्याच वर्षी केंब्रिजमधल्या एका संशोधकाचं प्रकरण गाजलं. या गृहस्थाने शंभरावर लेखकांची नावं एकगठ्ठा नोंदवली होती आणि तो त्यांच्या पुस्तकविक्रीतला टक्का मागत होता. जीनेट विंटरसन ही कादंबरीकार त्याच्याविरुद्ध उभी राहिली आणि जिंकली. विद्यापीठात बसून विद्वान माणूस लेखकांची नावं ओलीस धरतो, ही गोष्ट मला जुगाराच्या जाहिरातीपेक्षाही जास्त खुपते.

सगळेच जिंकले असं मात्र नाही. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन २००१ साली आपल्याच नावासाठी भांडला आणि हरला. ज्या कॅनेडियन माणसाकडे ते नाव होतं त्याच माणसाविरुद्ध २००६ साली टॉम क्रूझ जिंकला. एकाच माणसाविरुद्ध, एकाच नियमाखाली, दोन उलटे निकाल! नियम आहे १९९९ सालचा. त्यानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. ते नाव म्हणजे आपली व्यापारी खूण, किंवा तिच्याशी घोटाळा होईल इतकं सारखं. समोरच्याचा त्यावर कोणताही न्याय्य हक्क नाही. आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. 'व्यापारी खूण' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आपल्याकडे काय आहे? या प्रकारासाठी वेगळा कायदा नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्याचा नावाने उल्लेखसुद्धा नाही. सगळी भिस्त व्यापारचिन्हाच्या कायद्यावर आणि न्यायालयांच्या शहाणपणावर. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या नावात एक अक्षर बदलून 'रॅडिफ' काढणाऱ्यांना रोखलं. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की डोमेन नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाचे नियम त्यालाही लागू. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अरुण जेटलींना त्यांच्या नावाचं डोमेन मिळवून दिलं. २०२३ साली अनिल कपूर यांच्या नावाची डोमेनं कुलूपबंद करायला सांगितलं. आणि २०२४ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याचं खंडपीठ आपल्या पर्वरीला बसतं, गायक अरिजित सिंग यांना अंतरिम संरक्षण दिलं. त्या दाव्यात त्यांच्या नावाची दोन डोमेनंही होती.

मराठी माणसाचं उदाहरण हवं तर मे २०२३ आठवा. सचिन तेंडुलकर यांच्या तर्फे मुंबई पोलिसांकडे तक्रार गेली. त्यांचं नाव, फोटो आणि आवाज वापरून 'सचिनहेल्थ' अशा नावाच्या संकेतस्थळावरून औषधं खपवली जात होती. इथे नुकसान फक्त सचिनचं नाही. बॅट धरणाऱ्या त्या हातांवर विश्वास ठेवून पोटाची चरबी घटवण्याचं तेल विकत घेणारा जो कुणी असेल, खरा लुबाडला गेला तो.

आता या धंद्याचे वकील काय म्हणतात ते ऐकू. तीन युक्तिवाद नेहमीचे.

पहिला: "मी आधी आलो, नाव माझं." गोव्याच्या माणसापुढे तरी हा युक्तिवाद करू नये. जमिनीवर आधी कोण आणि नंतर कोण यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झालीत. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिलं. का दिलं? तो तिथे राहिला होता, त्याने माड राखले होते, त्याची पोरं तिथे जन्मली होती. त्याआधी १९६४ चा कूळ कायदा आला, त्याच्यामागे कसेल त्याची जमीन हाच विचार होता. आता सांगा, डोमेन अडवून बसलेल्या माणसाने त्या नावात काय पेरलं? कोणतं नाटक बसवलं? कोणाला शिकवलं? तो मुंडकार नव्हे आणि कूळही नव्हे. तो आहे कोमुनिदादच्या जमिनीत रातोरात चार भिंती उभ्या करून मग "आता कायदेशीर करा" म्हणणारा.

त्याचं याहून जवळचं भावंडही आपल्याकडे आहे. २०२२ साली गोवा सरकारला जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. कोणाच्या जमिनी बळकावल्या होत्या? जे मेले त्यांच्या. जे परदेशात गेले त्यांच्या. ज्यांच्या घराला कुलूप आणि अंगणात गवत होतं त्यांच्या. आमच्या मंडळाचं नाव उचलणाऱ्याने हेच केलं. घरात कोणी नाही हे बघितलं आणि दार उघडलं. फरक इतकाच की तिथे खोटी कागदपत्रं करावी लागली, इथे तीही नाही.

दुसरा युक्तिवाद: "लोक भूखंड घेऊन ठेवतात, सोनं घेऊन ठेवतात, मग नावाने काय घोडं मारलं?" यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. भुसावळहून खंडव्याकडे जाताना बुऱ्हाणपूर मागे पडलं की चांदनी नावाचं लहानसं स्टेशन लागतं. बुऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. आज मध्य प्रदेशात असलं तरी मराठी तिथे परकी नाही. चांदनीला लागूनच नेपानगर, जिथे देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला. नेपानगर हे नावच मुळी कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आलेलं, म्हणजे कंपनीने गावाला नाव दिलं. चांदनीचं तसं नाही. ते गाव आहे, आकाशातलं चांदणं आहे, १९८९ सालचा यश चोप्रांचा सिनेमा आहे, आणि देशभरातल्या किती मुलींचं नाव आहे देव जाणे. उद्या कोणी 'चांदनी' नावाचं डोमेन घेतलं आणि चढ्या भावाने विकलं तर मी त्याला चोर म्हणणार नाही. तो शब्द कोणा एकाच्या घामाने मोठा झालेला नाही. २००० साली स्टिंग या इंग्रज गायकाची तक्रार लवादाने फेटाळली ती याच कारणाने. स्टिंग म्हणजे डंख. तो कुठल्याही मधमाशीकडे असतो, त्यावर एका गायकाची मक्तेदारी कशी?

नावबंधूंचंही तसंच. सचिन हे नाव मुळात सचिनचं नाही. कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांनी ते सचिनदेव बर्मन यांच्यावरच्या प्रेमातून मुलाला दिलं, आणि नंतर त्या मुलावरच्या प्रेमातून किती घरांत सचिन जन्मले! त्यांतल्या एखाद्याने स्वतःच्या नावाने पान काढलं तर त्याला हुसकावायचा अधिकार कोणालाही नाही. पण चांदनी विकणं वेगळं आणि मंगेशकर विकणं वेगळं. दुसऱ्या नावाची सगळी किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यातून आलेली आहे. घेणाऱ्याला हे ठाऊक आहे, म्हणून तर त्याने ते घेतलं! नियमातही हेच लिहिलंय: खर्चापेक्षा जास्त किंमत घेऊन ज्याचं नाव त्यालाच विकण्यासाठी नोंदणी केली असेल तर तो वाईट हेतूचा पुरावा.

तिसरा युक्तिवाद थोडा चलाख आहे: "हा गरिबाचा श्रीमंताशी लढा आहे." २०२४ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या एका तरुणाची बातमी झळकली. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार हे ताडून त्याने जोडनावाचं डोमेन आधीच घेऊन ठेवलं होतं, आणि ते देण्याच्या बदल्यात कंपनीने आपलं केंब्रिजचं शिक्षण करावं अशी त्याची विनंती होती. (पुन्हा केंब्रिज!) पुढे ते नाव दुबईतल्या दोन मुलांकडे गेलं आणि त्यांनी फुकट द्यायची तयारी दाखवली. खरं सांगतो, ती बातमी वाचताना मला त्या तरुणाबद्दल राग आला नाही. अवाढव्य कंपनीच्या चपलेत खडा गेला तर आपल्याला गंमतच वाटते. पण ही गंमत म्हणजे धंद्याचा मुखवटा. खडा जातो तो बहुतेक वेळा अनवाणी माणसाच्या पायात. कंपनीकडे वकिलांची फौज असते. आमच्या खजिनदारांकडे एक वही असते.

आता त्या 'व्यापारी खूण' शब्दांकडे येतो, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

लवादाकडे एका नावाची तक्रार करायची तर एकट्या पंचासाठी किमान १,५०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. वकील वेगळा. जिंकलात तरी मिळतं फक्त नाव. नुकसानभरपाईचा एक पैसाही नाही. आता दीड लाख हा आकडा पुन्हा बघा. तो आकाशातून पडलेला नाही. न्यायाला जेवढा खर्च येतो त्याच्या आसपास खंडणी ठेवायची म्हणजे शहाणा माणूस निमूटपणे पैसे मोजतो. न्याय महाग ठेवून आपण या लोकांना दरपत्रक छापून दिलंय!

आणि वर अट अशी की नावाला बाजारात भाव हवा. नटाचं नाव जाहिरातीवर चालतं, म्हणून ते मालमत्ता. आमच्या पेटीवाल्या मास्तरांचं नाव? चाळीस वर्षं ज्यांनी देवळाच्या मंडपात साथ केली, शंभर पोरांना सूर दाखवला आणि एक पैसा घेतला नाही, त्यांची व्यापारी खूण कुठून आणायची? म्हणजे ज्याने कला विकली त्याच्या नावाला संरक्षण, आणि ज्याने ती वाटली त्याचं नाव रस्त्यावर. ही कसली मोजपट्टी?

दुसऱ्या टोकाला उलटाच प्रकार चाललाय. २०२३ च्या अनिल कपूर यांच्या दाव्यात 'झकास' होता, आणि त्यांच्या ओळखीचा भाग म्हणून व्यापारी गैरवापरापासून त्यालाही संरक्षण मिळालं. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ न्यायालयात गेले तेव्हा त्यांच्या मागणीत 'भिडू' होता. हे दोघे कलावंत मला आवडतात, आणि त्यांच्या नावाने भुरटा माल खपू नये हेही पटतं. पण मित्रहो, झकास हा आपल्या नाक्यावरचा शब्द. भिडू तर लगोरी आणि हुतूतू खेळणाऱ्या प्रत्येक मराठी पोराचा. राज्य कोणावर आणि भिडू कोण, हे ठरवतच आपण मोठे झालो. नटांनी हे शब्द मराठीकडून उसने घेतले आणि मोठे केले, त्याबद्दल आभार. उसनं घेतलेल्या भांड्यावर आपलं नाव कोरायचं नसतं. मे २०२५ मध्ये तर हद्द झाली. 'ऑपरेशन सिंदूर' सुरू होताच ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला अर्जांची रांग लागली. सैनिक सीमेवर आणि इकडे नावाची पावणी! एका बड्या उद्योगसमूहाला तर अर्ज मागे घ्यावा लागला.

डोमेन अडवणारा भुरटा आणि शब्दाला कुंपण घालू पाहणारा मोठा माणूस एकमेकांचे शत्रू दिसतात. मला त्यांच्यात नातं दिसतं. दोघांनाही वाटतं की नाव ही एकट्याच्या खिशातली वस्तू आहे.

आपल्याकडे नाव असं नव्हतं. मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं. गावाला नाव देवाचं. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. त्यांच्या लेकीने, किशोरीताईंनी, आमोणकर हे नाव जगभर नेलं. कुर्डी तर साळावलीच्या धरणात बुडाली, पण मोगूबाईंच्या नावात ती अजून कोरडी उभी आहे. या माणसांनी गावाकडून नाव घेतलं आणि शतपटीने मोठं करून परत दिलं. २०२५ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने यंत्राने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध आशाताईंना संरक्षण दिलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. त्या आवाजामागे ऐंशी वर्षांचं कसणं आहे. कसेल त्याचं नाव, हा न्याय तिथे बरोबर लागला.

तोच न्याय खालपर्यंत यावा एवढंच माझं म्हणणं. भाव आहे का हे न विचारता, या नावात कोणी आयुष्य घातलंय हे विचारणारा कायदा हवा. दिवंगत कलावंत, गावं, देवस्थानं, नाट्यमंडळं, भजनी पथकं यांच्या नावांसाठी फुकट किंवा नाममात्र शुल्कात दाद मागण्याची सोय हवी. आणि रोजच्या शब्दांना कोणाचंही कुंपण नको.

तोवर आपली कामं आपण करावी. संस्थेचं नाव एका पोराच्या खासगी ईमेलवर ठेवू नका. संस्थेचा स्वतंत्र पत्ता करा, दोन पदाधिकाऱ्यांकडे किल्ली द्या, नाव एकदम पाच-दहा वर्षांसाठी भरा, आणि मुदतीची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा. देवळाच्या पावणीची तारीख विसरत नाही, मग हीच का विसरावी? आणि खंडणी मागणाऱ्याला पैसे देऊ नका. तुमच्या दीड लाखातून तो आणखी दीडशे नावं धरेल, त्यांतलं एखादं शेजारच्या गावच्या मंडळाचं असेल.

आमच्या समितीने पैसे दिले नाहीत. मंडळाच्या नावापुढे गावाचं नाव जोडलं आणि डॉट इन घेतलं, हजार रुपयांच्या आत. फोटो जुन्या ट्रंकेतून पुन्हा काढले. मास्तरांचा मृत्युलेख मात्र कोणाकडेच सापडला नाही. तो आता नव्याने लिहायचाय. आमच्या त्या जुन्या नटांना एवढ्यात ऐकू कमी येतं, पण मास्तरांबद्दल विचारलं की ते तासभर बोलतात. पुढच्या आयतवारी वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.